दात निरोगी, तरीही आवळल्यासारखे. एक्स-रेमध्ये न दिसणाऱ्या दुखण्याचा उलगडा

भिलाई (छत्तीसगड) : दातांना कीड नाही, हिरडी सुजलेली नाही, एक्स-रेमध्येही काही आढळत नाही; तरीही दात कोणीतरी दोन्ही बाजूंनी दाबून धरल्यासारखे वाटतात. सकाळी उठल्यावर जबडा जड असतो, दुपारपर्यंत ताण थोडा सैल होतो आणि कामाच्या गडबडीत पुन्हा परततो. ही तक्रार दंतवैद्यांना अपरिचित नाही. मात्र तपासणीत काही न सापडल्याने घरचे तिला मनाचा खेळ समजतात आणि त्रासलेला रुग्ण ‘दाढ काढूनच टाका’ असा आग्रह धरतो. या दोन टोकांमध्ये अनेकदा एखादा निरोगी दात कायमचा गमावला जातो.

भिलाईसारख्या शहरात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी कार्यान्वित झाली आणि तेव्हापासून शहराचा दिनक्रम कारखान्याच्या पाळ्यांशी बांधला गेला. अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिकवणी वर्गांसाठीही भिलाई ओळखली जाते. रात्रपाळीमुळे मोडणारी झोप आणि परीक्षेचा ताण या दोन्ही गोष्टींचा जबड्याच्या स्नायूंशी संबंध असू शकतो. या परिसरात दातांना चोळल्या जाणाऱ्या गुडाखूमुळे निदानात आणखी गुंतागुंत होते.

दात दाब कसा ओळखतो?

दात हाडात खिळ्यासारखा घट्ट ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय थर असतो. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. चावताना बसणारा धक्का हा थर झेलतो आणि दाबाची सूचना मेंदूला देतो. त्याची संवेदनक्षमता इतकी सूक्ष्म असते की, केसाहून पातळ वस्तूही दोन दातांमध्ये आल्यास जाणवते. भातातला बारीकसा खडा चटकन कळतो तो यामुळेच.

या थरावर सतत भार पडला की तो हुळहुळा होतो. तेव्हा दात दुखतोच असे नाही. तो दाटल्यासारखा, किंचित वर आल्यासारखा किंवा शेजारच्या दातावर रेटल्यासारखा वाटतो. ही जाणीव खरी असते. प्रश्न एवढाच असतो की, भार कोठून येतो.

आधी साधी कारणे

अनेकदा कारण साधे असते. नवे सिमेंट किंवा टोपी किंचित उंच राहिली, तर त्या दातावर प्रत्येक घासाला अधिक भार येतो. अशा वेळी उंच भाग थोडा घासला की त्रास थांबतो. दोन दातांच्या फटीत अन्नाचे तंतू अडकल्यास पाचर मारल्यासारखा दाब येतो. दाताला सूक्ष्म तडा गेला असेल, तर चावताना किंवा चावा सोडताना कळ येते. असा तडा एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. हिरड्यांचा आजार असल्यास दात हलके हलू लागतात आणि दाब जाणवतो. मधुमेहींमध्ये या आजाराची शक्यता अधिक असते.

दातांना तारा लावलेल्या व्यक्तींना तार आवळल्यानंतर काही दिवस ताण जाणवणे स्वाभाविक आहे. उपचार संपल्यावर दिलेला रिटेनर बरेच दिवस वापरला नाही आणि नंतर तो घट्ट बसू लागला, तर दात जागेवरून सरकल्याचे ते लक्षण असते. वय वाढते तसे खालचे पुढचे दात थोडे दाटीने बसू लागतात. त्याचा दोष बहुधा अक्कलदाढेला दिला जातो. परंतु अक्कलदाढ नसलेल्यांमध्येही ही दाटी होते.

दात-ओठ खाणारा जबडा

राग अनावर झाला की माणूस ‘दात-ओठ खातो’, असे मराठीत म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात दात आवळण्याच्या किंवा घासण्याच्या क्रियेला ब्रक्सिझम म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. झोपेतले दात खाणे बहुधा शेजारी झोपणाऱ्याला ऐकू येते. जागेपणी दात आवळणे मात्र निःशब्द असते आणि ते करणाऱ्यालाही अनेकदा कळत नाही. संगणकावर काम करताना, वाहन चालवताना, गणित सोडवताना किंवा जड वस्तू उचलताना दातावर दात दाबले जातात.

वास्तविक चघळणे आणि गिळणे मिळून दिवसभरात दातांचा एकमेकांशी होणारा संपर्क सर्वसाधारणपणे २० मिनिटांच्या आसपास असतो. उरलेला वेळ ओठ मिटलेले असले, तरी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर अंतर असणे अपेक्षित आहे. हा संपर्क काही तासांवर गेला की स्नायू थकतात आणि दातांभोवतीचा थर हुळहुळा होतो. दात आवळले जाण्यासाठी मोठ्या दुःखाची गरज नसते. केवळ एकाग्रताही पुरेशी ठरते.

झोपेतल्या ब्रक्सिझमचा संबंध झोपेत काही क्षण होणाऱ्या अर्धजागृतीशी असतो. मद्य, तंबाखू आणि अतिरिक्त चहा-कॉफी यांमुळे तो वाढू शकतो. झोपेत श्वास अडखळणाऱ्या काही व्यक्तींमध्ये, तसेच नैराश्यावरील काही औषधे घेणाऱ्यांमध्येही तो आढळतो. मात्र अशी औषधे स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते; त्याबाबत औषध देणाऱ्या डॉक्टरांशीच बोलले पाहिजे. मुले झोपेत दात खाऊ लागली की घरोघरी जंतांवर संशय घेतला जातो, परंतु हे सिद्ध कारण मानले जात नाही.

दुखते एकीकडे, मूळ दुसरीकडे

दात, जबडा, गाल आणि नाकाशेजारच्या पोकळ्या यांच्या संवेदना ट्रायजेमिनल या एकाच मज्जातंतूमार्फत मेंदूपर्यंत पोहोचतात. वाट सामाईक असल्याने मेंदूला दुखण्याचा पत्ता नेमका लागत नाही. गालातील चावण्याच्या स्नायूत गाठ धरली की दाढा दुखतात; कानशिलाजवळच्या स्नायूचा ताण वरच्या दातांत उतरतो. जेनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्नायूंतून दूरवर जाणाऱ्या अशा वेदनांचे नकाशेच मांडले होते.

वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीच्या, म्हणजे सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. सर्दीनंतर सायनस भरला की एका बाजूच्या अनेक दाढा एकाच वेळी दाबल्यासारख्या वाटतात आणि खाली वाकल्यावर दाब वाढतो. ही खूण लक्षात घेतली तर दात वाचतो.

दात आणि जबड्याचे नाते भारतीय वैद्यकाला नवे नाही. सुश्रुतसंहितेत दातांच्या आठ रोगांमध्ये हनुमोक्षाचा, म्हणजे जबड्याचा सांधा निसटण्याचा समावेश आहे.

काहीच सापडले नाही तर?

सर्व तपासण्यांनंतरही काही रुग्णांमध्ये कारण मिळत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तोंड व चेहऱ्याच्या वेदनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने या अवस्थेला स्वतंत्र स्थान दिले आहे. दात किंवा दाताच्या जागी दररोज दोन तासांहून अधिक आणि तीन महिन्यांहून जास्त काळ राहणारी, तपासणीत स्थानिक कारण न सापडणारी वेदना या गटात मोडते. येथे बिघाड दातात नसून वेदनेच्या सूचना वाहणाऱ्या आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्या चेतासंस्थेत असतो, असे मानले जाते. अग्निसूचक घंटा आग नसतानाही वाजत राहावी, तसे हे आहे. दात काढल्यावरही वेदना त्याच जागी राहते किंवा शेजारच्या दाताकडे सरकते.

काहींना वेदना नसते; आपला चावा बिघडला आहे, दात नीट बसत नाहीत, एवढेच सतत वाटते. अमेरिकी दंतवैद्य जोसेफ मारबाख यांनी १९७६ मध्ये या अवस्थेला ‘फँटम बाइट’ म्हणजे आभासी चावा असे नाव दिले. अशा रुग्णाचे दात घासून चावा सुधारण्याचा प्रयत्न केल्यास जाणीव कमी होण्याऐवजी वाढण्याची शक्यता असते.

म्हणूनच कारण निश्चित होईपर्यंत परत फिरवता न येणारे उपचार टाळावेत, हे या दुखण्याचे पहिले सूत्र आहे. रूट कॅनॉल, दात काढणे आणि चाव्यासाठी निरोगी दात घासणे हे तिन्ही त्यात येतात. निदानासाठी दंतवैद्य दातावर थंड स्पर्श करून पाहतात, दात हलके ठोकतात, एकेक दात चावायला सांगतात आणि गालाचे स्नायू दाबून बघतात. संशयित दाताला बधिर करण्याची चाचणीही उपयुक्त ठरते. दात पूर्ण बधिर होऊनही दुखणे तसेच राहिले, तर त्याचे मूळ अन्यत्र असण्याची शक्यता बळावते. उपचार सुचवला गेला असता ‘हाच दात कारणीभूत आहे हे कशावरून ठरले?’ असे विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे.

गुडाखूचा फसवा दिलासा

तंबाखू आणि गूळ यांपासून बनवलेली गुडाखू छत्तीसगडमध्ये दात-हिरड्यांना चोळली जाते. महाराष्ट्रातील मशेरीशी तिचे जवळचे नाते आहे. ती लावल्यावर दातांना बरे वाटते, असे वापरणारे सांगतात. परंतु त्यातील निकोटिनमुळे व्यसन लागते, हिरड्यांची हानी होते आणि मूळ दुखणे झाकले जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात २८.६ टक्के, तर छत्तीसगडमध्ये ३९.१ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते.

सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांनी आवळलेपणाची तक्रार अधिक गांभीर्याने घ्यावी. गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड कमी उघडू लागणे हे सबम्युकस फायब्रोसिसचे लक्षण असते आणि या विकारातून कर्करोगाचा धोका संभवतो. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील किंवा तिखट खाताना आग होत असेल, तर विलंब न करता तपासणी करून घ्यावी.

त्रासासह जगताना

स्नायूंचा ताण हे कारण असेल, तर बहुतेकांना साध्या उपायांनी आराम पडतो. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. संगणकाच्या कडेला, गाडीच्या आरशाजवळ किंवा वहीच्या पानावर लहानशी खूण चिकटवावी आणि ती दिसेल तेव्हा दात आवळले आहेत का, हे पाहावे. गालांना दहा-पंधरा मिनिटे कोमट शेक द्यावा. च्युइंगम, कडक चणे आणि ऊस काही दिवस टाळावेत. दुखणे कधी वाढते, त्या वेळी काय चालले होते आणि आदल्या रात्री झोप किती झाली, याची दोन आठवड्यांची नोंद डॉक्टरांना मोलाची ठरते. पाळीत काम करणाऱ्यांनी नोंदीत पाळीही लिहावी.

रात्री दात खाणाऱ्यांना मापाचा नाइट गार्ड दिला जातो. तो दातांची झीज रोखतो, सवय मात्र मोडत नाही. बाजारातील तयार गार्ड दीर्घकाळ वापरणे योग्य नव्हे. तो नीट न बसल्यास चावा बदलू शकतो. चेतासंस्थेशी संबंधित वेदनेत ॲमिट्रिप्टिलिनसारखे औषध अल्प मात्रेत दिले जाते. ते मुळात नैराश्यावरील औषध असल्याने ‘मला वेडा ठरवले’ असा रुग्णाचा समज होतो. येथे त्याचा उपयोग मज्जातंतूंची अतिसंवेदना शमवण्यासाठी असतो. जंतुसंसर्ग नसताना प्रतिजैविके घेऊन काहीही साधत नाही आणि वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडांना अपाय होतो. लवंगेचे तेल थेट हिरडीवर वारंवार लावल्यास ती भाजते.

दीर्घकालीन दुखण्याने मन खचणे स्वाभाविक आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. तो घेणे म्हणजे दुखणे खोटे असल्याची कबुली नव्हे.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

चालताना किंवा जिना चढताना खालच्या जबड्यात दाब येणे आणि विश्रांतीने तो ओसरणे हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. सोबत घाम, धाप किंवा छातीत जडपणा असल्यास दंतवैद्याकडे न जाता तातडीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ओठ किंवा हनुवटी बधिर होणे, चेहऱ्यावर सूज व ताप येणे, गिळताना त्रास होणे, दात अचानक हलू लागणे आणि तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम यांचीही त्वरित तपासणी आवश्यक आहे. विजेच्या झटक्यासारखी काही सेकंदांची कळ ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची असू शकते आणि तिच्यावर वेगळी औषधे आहेत.

यांपैकी काही नसेल, तर घाई हेच मोठे संकट ठरते. भिलाई-दुर्ग परिसरात आणि रायपूर येथे दंत महाविद्यालये आहेत. पश्चिमेला नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालयही रेल्वेमार्गाने जोडलेले आहे. दात काढण्यापूर्वी अशा ठिकाणी दुसरे मत घेण्यास लागणारे काही दिवस वाया जात नाहीत. दुखणे थांबवण्याचे मार्ग अनेक असू शकतात. काढलेला निरोगी दात मात्र परत उगवत नाही.