लेपावरचे छायाचित्र

कोल्हापूरच्या एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. त्यांनी सुरेख, खरबरीत हातकागद आणला, घरच्या इंकजेट प्रिंटरमध्ये घातला आणि आईचा जुना फोटो छापला. पडद्यावर ठसठशीत दिसणारा चेहरा कागदावर धुरकट उमटला. काळेभोर केस राखाडी झाले, नथीची कड फुटली. दोष प्रिंटरचा की कागदाचा, असे ते विचारतात.

दोष दोघांचाही नाही. शाई आणि कागद यांच्यामध्ये जो लेप असायला हवा, तो इथे नव्हता. रांगोळी घालण्याआधी अंगण सारवून घेतात, तसे शाईसाठी कागदाचे अंगण सारवावे लागते. बाजारातल्या फोटोपेपरवर हे काम कारखान्यात झालेले असते, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

इंकजेटचा थेंब साधारण चार पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या चौपट. त्याचा व्यास २० मायक्रॉनच्या आसपास भरतो. कापसाच्या तंतूची रुंदीही जवळपास तेवढीच. म्हणजे थेंब कागदावर पडतो तेव्हा खरे तर एकदोन तंतूंवरच पडतो आणि केशाकर्षणाने त्यांच्या कडेकडेने धावत सुटतो. ही धाव किती लांब जाते याचे गणित लुकास यांनी १९१८ मध्ये आणि वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडले. अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सगळ्यात जोराची धाव अगदी पहिल्या क्षणी असते. थेंबाला अडवायचे तर त्याच क्षणी अडवायला हवे. एकदा तो खोल मुरला की वरचे पांढरे तंतू प्रकाश विखुरत राहतात आणि काळा रंग राखाडी दिसतो.

आपल्याकडच्या कागद्यांना हे गणित न मांडताही ठाऊक होते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या कागद होत आला. लिहिण्याच्या कागदाला खळ लावायची आणि तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा, ही त्या काळची रीत. बोरूची शाई फुटू नये म्हणून ही सारी मेहनत. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर तर कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या मिश्रणात भिजवून वाळवतात. दुधातली स्निग्धता लोखंडापासून केलेल्या काळ्या शाईला पसरू देत नाही आणि हिरड्यातले टॅनिन तिच्याशी संयोग पावून काळा रंग पक्का करते. तांबड्यासाठी तुरटी लावतात. पसरण अडवणे आणि रंग धरून ठेवणे ही दोन्ही कामे इथे लेपच करतो. आजच्या इंकजेट कागदाचे रसायनशास्त्र याहून मुळात वेगळे नाही.

या गोष्टीतला माझा आवडता माणूस फ्रान्समधल्या लील शहराचा एक कापडव्यापारी आहे, लुई देझिरे ब्लाँकार-एव्हरार. छायाचित्रणाच्या इतिहासात डागेर आणि टॅलबट यांची नावे सर्वांना पाठ असतात, याचे नाव क्वचित निघते. टॅलबटच्या पद्धतीत चांदीचे क्षार थेट कागदाच्या तंतूंत मुरायचे, त्यामुळे चित्र मऊ आणि काहीसे पुसट यायचे. कोल्हापूरच्या वाचकांना जे दिसले, त्याचाच हा जुना अवतार. १८५० मध्ये ब्लाँकार-एव्हरारने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यावर उपाय मांडला: अंड्याचा पांढरा बलक. मीठ घालून फेटलेला, निवळलेला बलक तबकात ओतायचा, कागद त्यावर अलगद तरंगवायचा, उचलून वाळवायचा आणि मग त्यावर चांदीचे द्रावण चढवायचे. चित्र आता कागदात न मुरता बलकाच्या पातळ थरात राहू लागले. सावल्या गडद झाल्या, पानापानाची कड दिसू लागली.

पुढची चाळीसएक वर्षे जगातले बहुसंख्य फोटो याच कागदावर छापले गेले. आपल्या राजा दीनदयाळ यांची कितीतरी छायाचित्रेही याच बलकाच्या, म्हणजे अल्ब्युमेन कागदावरचीच आहेत. हा कागद बनवण्याचे मोठे केंद्र जर्मनीतले ड्रेस्डेन होते. तिथल्या एकाच कंपनीने १८८८ साली १८,६७४ रीम कागदाला बलक चढवला. एका रीमला २७ डझन अंडी लागत. गुणाकार करून पाहा, वर्षाला साठ लाखांवर अंडी होतात! ती फोडून पांढरे-पिवळे वेगळे करायला बायका कामाला असत. एकोणिसाव्या शतकाचे जे रूप आपण आज डोळ्यांनी पाहतो, ते त्या अनाम बायकांच्या हातांखालून गेलेले आहे. संग्रहालयातल्या पाटीवर छायाचित्रकाराचे नाव असते, लेप चढवणाऱ्यांचे कुठेच नसते.

त्या लेपाने झळाळी दिली, तसा पिवळेपणाही दिला. जुन्या फोटोंतले आकाश आणि पांढरे कपडे पिवळसर दिसतात, त्याला बलकातली प्रथिने पुष्कळशी जबाबदार आहेत. लेपाचे गुणदोष चित्राला जन्मभर चिकटतात.

इंकजेटच्या युगात हाच धडा नव्याने गिरवावा लागला. गायक ग्रॅहम नॅश आणि त्याचे सहकारी यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छपाईचा स्टुडिओ काढला. छापखान्याची प्रुफे काढण्यासाठी बनवलेले आयरिस यंत्र त्यांनी जाड जलरंगाच्या कागदावर चालवून दाखवले. छपाई देखणी व्हायची, पण त्या वेळची रंगद्रव्ये उजेडात फार लवकर उडत. पुढे २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० या प्रिंटरवर चकचकीत कागदावर छापलेले फोटो काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. कारण हवेतला ओझोन निघाला. त्या कागदाच्या लेपात सूक्ष्म छिद्रे होती. शाई चटकन वाळावी म्हणून ठेवलेल्या त्याच वाटांनी ओझोन आत शिरला आणि त्याने निळे रंगद्रव्य मोडले. निळे गेले की उरते ते नारिंगी.

आता हाताने लेप देण्याकडे येऊ. हे काम घरी होऊ शकते. बाहेरदेशी ‘इंकएड’सारखी तयार द्रावणे मिळतात. स्वतः करायचे तर जिलेटिन चांगले. ते थंड पाण्यात फुगू द्या, मग ५० अंशांच्या आसपास कोमट करून विरघळवा. उकळले तर त्याची पकड जाते. मॅट पोत हवा असेल तर त्यात बारीक सिलिका घालतात. ती कोरडी असताना हवेत उडते, म्हणून तोंडाला मास्क हवा. रंग धरण्यासाठी लेपात तुरटीही घालता येते. तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनियमचा धनभार रंगद्रव्याच्या ऋणभाराला धरून ठेवतो, पण तुरटी आम्लधर्मी असल्याने कालांतराने कागद ठिसूळ करते. तिचे आम्ल मारण्यासाठी त्याच भांड्यात खडूची पूड टाकाल तर मिश्रण फसफसून फेसाळेल आणि लेपभर बुडबुड्यांचे खड्डे पडतील. दोन्ही एकत्र करू नका.

कागद चारही कडांनी फळीवर चिकटवा. रुंद, मऊ कुंचल्याने पहिला हात आडवा द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात उभा. एकाच दिशेने दोन हात दिले तर कुंचल्याच्या रेघा गडद भागात हमखास उठून दिसतात. वाळलेला कागद वजनाखाली रात्रभर सपाट करा. कड वर आली असेल तर प्रिंटरचे हेड तिला घासते आणि नवे हेड प्रिंटरच्या निम्म्या किमतीचेही असू शकते. कागद मागच्या, सरळ वाटेने आत सोडा. छापण्याआधी लेपावरून स्वच्छ फडका फिरवा. सुटी पूड नोझलमध्ये गेली की काम संपले.

एका गोष्टीबाबत मात्र सावध करतो. शाईच्या पाकिटावर ‘शंभर वर्षे टिकणारी’ असे छापलेले असते. तो आकडा ठरावीक शाई, ठरावीक कागद, काचेची चौकट आणि वेगवान केलेली प्रकाशचाचणी यांच्या हिशेबातून येतो. तुमच्या हातकागदावर तुमच्या हाताने दिलेल्या लेपाची ती चाचणी कुणीच केलेली नाही, त्यामुळे हा आकडा तुम्हाला लागू नाही. रंगद्रव्य विरघळवलेल्या शाईपेक्षा सूक्ष्म कणांची पिगमेंट शाई वापरा, एवढे निश्चित सांगता येते. बाकीचा निकाल स्वतः लावा. त्याच लेपावर एक रंगपट्टी छापा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवून दोन्ही अर्धे शेजारीशेजारी पाहा.

आईचा मूळ फोटो जपून ठेवा. नव्या छपाईच्या मागे पेन्सिलीने कागद, लेप, शाई आणि तारीख लिहा. पुढे कुणाला ती दुरुस्त करायची वेळ आली, तर त्याचे निम्मे काम तेवढ्याने होईल.