२७ मतांची मालकीण

पंतप्रधान कोण होणार यावर घराघरांत वाद रंगतात. पण नळाला पाणी कसं येणार, दारचा कचरा कोणत्या दिवशी उचलला जाणार, शाळा सुटल्यावर नोकरदार आईचं मूल कुठे थांबणार, हे ठरवणारी माणसं वेगळीच असतात. ती बसतात नगरपालिकेत. घर चालवणाऱ्या बाईचा रोजचा संबंध येतो तो यांच्याशी. म्हणूनच लक्झेंबर्ग नावाच्या एका चिमुकल्या देशातल्या नगरपालिकांची हकिकत आज मैत्रिणींना सांगावीशी वाटते.

फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांच्या बेचक्यात बसलेला हा देश आपल्या गोव्याहूनही लहान आहे. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. गंमत अशी, की त्यातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशी आहेत, आणि लक्झेंबर्ग शहरात तर दहातली सात! पोर्तुगीज आहेत, फ्रेंच आहेत, इटालियन आहेत. गेल्या काही वर्षांत बँकांमधल्या आणि संगणकाच्या नोकऱ्यांनिमित्त आपली भारतीय मंडळीही बरीच गेली आहेत.

आता प्रश्न असा, की गावात राहणारी निम्मी माणसं परकी असतील, तर गावचा कारभार कोणी कोणाला विचारून करायचा?

कम्यून म्हणजे काय?

तिथल्या नगरपालिकेला ‘कम्यून’ म्हणतात. शहर असो की खेडं, नाव एकच. सप्टेंबर २०२३ पासून देशात अशा १०० कम्यून आहेत. पिण्याचं पाणी, कचरा, गावातले रस्ते, प्राथमिक शाळांच्या इमारती, बांधकामाचे परवाने ही सगळी कामं त्यांच्याकडे. एवढंच काय, लग्नसुद्धा आधी कम्यूनच्या कचेरीत महापौरांसमोर लागतं, मग हवं तर चर्चमध्ये!

निवडणूक दर सहा वर्षांनी होते, रविवारी. मागची ११ जून २०२३ रोजी झाली. सकाळी आठला मतदान सुरू, दुपारी दोनला बंद. स्वयंपाक आटोपून दुपारी जाऊ म्हणणारीची पंचाईतच!

लोकसंख्येप्रमाणे नगरसेवकांची संख्या ठरते. अगदी लहान गावात ७, राजधानीत २७. संख्या नेहमी विषम, म्हणजे मतं समसमान पडून घोडं अडायला नको. आणि मौज पुढेच आहे. जितक्या जागा, तितकी मतं प्रत्येक मतदाराच्या हातात! राजधानीतली बाई मतदानाला गेली, की ती २७ मतांची मालकीण असते.

ही मतं वापरायच्या तऱ्हाही दोन. एखादा पक्षच सगळा पसंत असेल, तर त्याच्या यादीवरचं वर्तुळ काळं करायचं, की यादीतल्या प्रत्येकाला एकेक मत जातं. नाहीतर नावं निवडून फुल्या मारायच्या. इथे मात्र एकाच पक्षाला चिकटून राहायची सक्ती नाही. या यादीतली डॉक्टरीण, त्या यादीतले शाळामास्तर, तिसरीतला शेजारी, अशी निवडून-टिपून मतं देता येतात. जो फार आवडला त्याला दोन मतं देता येतात, दोनाहून अधिक नाहीत. मंडईत आपण एकाकडून मेथी घेतो आणि दुसऱ्याकडून टोमॅटो, तसंच! तीन हजारांहून कमी वस्तीच्या गावांत तर पक्षांच्या याद्याच नसतात. नुसती माणसांची नावं, आणि एका नावाला एकच मत.

महापौर मात्र लोक थेट निवडत नाहीत. निवडून आलेल्या सभासदांत ज्यांचं बहुमत जमतं, ते आपल्यातलं एक नाव पुढे करतात आणि मग वरून रीतसर नेमणूक होते.

आणखी एक नियम वाचून मला बरं वाटलं. नवरा-बायको, आईबाप आणि मुलं, भावंडं एकाच कम्यूनच्या सभेत बसू शकत नाहीत. म्हणजे ‘खुर्ची तिची, कारभार त्याचा’ निदान एकाच सभागृहात शेजारी बसून तरी व्हायचा नाही! नोकरी करणाऱ्या सभासदाला सभेच्या कामासाठी दर आठवड्याला ठरावीक तास भरपगारी सुटी मिळते, ही सोयही मोलाची.

तलवारबाज महापौर

लक्झेंबर्गच्या बायकांना मताचा हक्क १९१९ साली मिळाला आणि त्याच वर्षी मार्गरित तोमा-क्लेमां या संसदेत निवडून गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण राजधानीच्या महापौरपदी स्त्री यायला १९७० साल उजाडावं लागलं. या पहिल्या महापौर कोलेत फ्लेश. १९६०, १९६४ आणि १९६८ अशा तीन ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी खेळलेल्या बाई! त्यांनी दहा वर्षं शहर सांभाळलं. पुढे १९८२ मध्ये लिदी पोल्फर आल्या, तेव्हा त्यांचं वय होतं २९. त्यांचे वडीलही आधी महापौर होते, त्यामुळे घरचं बाळकडू मिळालेलं. १९९९ पर्यंत त्या राहिल्या, मग देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि २०१३ मध्ये पुन्हा महापौरपदी परतल्या. २०२३ च्या निवडणुकीनंतरही पद त्यांच्याकडेच राहिलं.

यावरून तिथे बायकांचंच राज्य आहे असं मात्र समजू नये. पक्षांच्या उमेदवारांत स्त्री किंवा पुरुष कोणीही ४० टक्क्यांहून कमी असू नये, असा कायदा संसदेच्या निवडणुकीसाठी २०१६ मध्ये झाला. कम्यूनच्या निवडणुकीला तो लागू नाही. जिथे पाण्याचा आणि पाळणाघराचा निर्णय होतो, तिथेच बायकांच्या वाट्याचं बंधन नाही. आहे की नाही विचित्र?

दार उघडं, पण पाऊल?

आता परदेशी माणसांकडे वळू. १९९९ मध्ये युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांनी कम्यूनसाठी पहिल्यांदा मतदान केलं. २००५ पासून संघाबाहेरच्यांनाही, म्हणजे भारतीयांनाही, तो हक्क मिळाला. २०११ च्या कायद्याने त्यांना उमेदवार होता येऊ लागलं आणि परदेशी माणसाला महापौरही होता येऊ लागलं. तरी पाच वर्षं देशात राहिल्याची अट होतीच. २०२२ मध्ये तीही गेली. आज मुंबई-पुण्याहून जाऊन तिथे रीतसर राहू लागलेली अठरा वर्षांवरची कोणतीही बाई भारतीय पासपोर्ट न सोडता गावच्या निवडणुकीत मत देऊ शकते.

संसदेचं दार मात्र बंदच आहे. दहा वर्षं देशात राहिलेल्या परदेशी लोकांना संसदेसाठी मत द्यावं का, असं जून २०१५ मध्ये जनतेला विचारलं, तेव्हा सुमारे ७८ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटलं. म्हणजे आपल्या माणसांना तिथे बोलायला मिळते ती जागा एकच, कम्यूनची.

आणि तरीही २०२३ मध्ये हक्क असलेल्या परदेशी रहिवाशांपैकी साधारण पाचातल्या एकानेच नाव नोंदवलं. चौघांनी नाही.

असं का व्हावं? माझी एक मावसबहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे आहे. तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘अगं, आपण पडलो पाहुणे. त्यांच्या गावच्या भानगडीत कशाला पडायचं? आणि सभा चालतात त्यांच्या भाषेत, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.’’ दुसरी भीती सक्तीची. लक्झेंबर्गमध्ये मतदान सक्तीचं आहे. पंचाहत्तरीपर्यंत सुटका नाही, सबळ कारणाशिवाय चुकवलं तर दंडाची तरतूद आहे. परदेशी माणसावर नाव नोंदवायची सक्ती नाही, पण एकदा नोंदवलं की मत द्यावंच लागतं. मग लोक म्हणतात, नकोच ती झंझट!

मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘तुझी मुलं त्यांच्या शाळेत जातात, तू त्यांच्या नळाचं पाणी भरतेस, त्यांच्या रस्त्यावरून दूध आणतेस. मग पाहुणी कसली? पाहुणा चार दिवसांत परततो.’’

शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगते, की हक्क म्हणजे रेशनकार्डासारखा. घरात नुसता ठेवून धान्य येत नाही, दुकानात जाऊन उभं राहावं लागतं. निवडून येणारा नगरसेवक बघतो तो मतदारयादीत कोण आहे ते. निम्मा गाव यादीतच नसेल, तर त्याच्या मुलांच्या खोल्या, त्याच्या भाषेतली सूचनापत्रकं, त्याच्या वस्तीतला दिवा हे सगळं कोणाच्या तोंडी येणार?

तेव्हा मैत्रिणींनो, आपली कोणाची लेक, सून, भाची तिकडे असेल, तर तिला थोडं सांगून ठेवा. पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे. कम्यूनच्या कचेरीत जाऊन किंवा घरबसल्या संगणकावरून नाव नोंदवता येतं. मतदानाच्या ५५ दिवस आधीपर्यंत मुदत असते, पण शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. एकदा नोंदवलं की पुढच्या खेपेला पुन्हा नोंदवायची गरज नाही. भाषा अडत असेल तर चार उमेदवारांना सरळ गाठून विचारावं, ‘शाळेनंतर मुलांची सोय काय करणार?’ मतदार विचारायला आला, की उमेदवाराला समजावून सांगायची भाषा बरोबर सापडते!

फोनवर आपण विचारतोच, जेवलीस का, थंडी किती आहे, पोरं बरी आहेत ना? त्यात एक प्रश्न आणखी घाला, ‘‘नाव नोंदवलंस का गं?’’