उसण सुटते, कंबर का सुटत नाही?

पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधायची रीत कोकणात अजून पुरती मोडलेली नाही. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की चार दिवसांत कंबर मोकळी होते म्हणतात, आणि ती होतेही. कारण अचानक धरलेली पाठ बहुतेकांची काही दिवसांत, फार तर सहा आठवड्यांत, आपोआप सुटते. श्रेय त्या वेळी जे केले असेल ते घेऊन जाते, मग तो पाय असो, शेक असो वा इंजेक्शन. खरा प्रश्न आहे तो बारा आठवडे उलटूनही न हटणाऱ्या दुखण्याचा. २०२० साली जगात कंबरदुखीचे सुमारे ६१.९ कोटी रुग्ण होते. अशा जुनाट दुखण्याचे खापर एकट्या कष्टावर किंवा एकट्या 'मणक्यातल्या गॅप'वर फोडणे चुकीचे आहे, आणि त्या चुकीपायीच पुष्कळांचे दुखणे लांबते, असे माझे म्हणणे आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर कष्टाला दोषी ठरवणे सोपे आहे. जुलैत लावणीच्या वेळी घोटाभर चिखल, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्याने चार-चार काड्या रोवत मागे सरकायचे; गुडघे जवळपास सरळ आणि सगळा वाक कमरेत, तोही तासन्‌तास. बंदरावर बर्फासकट मासळीचे टब उचलणाऱ्या बायका आणि न्हावाशेव्याचे कंटेनर ओढणारे ट्रेलरचालक यांचीही गत फार निराळी नाही. वाकून वजन उचलताना मणक्यांमधल्या चकतीवर उभ्यापेक्षा कितीतरी जास्त दाब येतो, हे स्वीडनच्या नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसांच्या चकतीत सुई घालून मोजले. वाकणे, उचलणे, सततचे हादरे यांनी धोका वाढतो, यात वाद नाही. पण मग मांडव्याहून लाँच पकडून मुंबईत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची कंबर का धरते? आणि एकाच बांधावर सारखीच लावणी केलेल्या बायकांपैकी काहींचीच श्रावणातही दुखत का राहते? फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्या भावांच्या ११५ जोड्या १९९५च्या अभ्यासात तपासल्या, तेव्हा एकाने अंगमेहनतीचे काम केले आणि दुसऱ्याने बैठे, तरी त्यांच्या चकत्यांच्या झिजेत फारसा फरक आढळला नाही. आनुवंशिकतेचा वाटा कामापेक्षा मोठा निघाला.

यावर हातात एमआरआयचा अहवाल घेऊन कुणी विचारील, की चकती सरकलेली दिसतेच आहे, ती काय खोटी? खोटी नाही. सरकलेली चकती नस दाबते हे बोस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी १९३४ साली दाखवले. नितंबापासून पोटरीपर्यंत कळ उतरत असेल तर तो संशय रास्तच आहे. पण ज्यांना काहीच दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या २०१५ मध्ये एकत्र पाहिल्या, तर विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली. केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते. शंभरातल्या सुमारे नव्वद रुग्णांत दुखण्याचे बोट एका ठरावीक हाडावर किंवा नसेवर ठेवताच येत नाही. उरलेल्यांत मात्र हयगय नको. संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल तर मणक्याचा क्षय किंवा कर्करोग. पाळी गेलेल्या बाईची कंबर किरकोळ पडण्याने धरली तर ठिसूळ हाडाचा भंग. तरुणाला सकाळी अर्धा तास ताठरपणा आणि हालचालीने आराम असेल तर सांध्यांची सूज. लघवीवरचा ताबा सुटला किंवा मांड्यांमधली जागा बधिर झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाकीच्यांचे दुखणे टिकते ते अनेक धाग्यांनी. अपुरी झोप, तंबाखू, वाढलेले वजन, उदासी, कर्जाची काळजी आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे भीती. 'मणका गेलाय, वाकू नका' हे ऐकलेला माणूस अंग आखडून घेतो, स्नायू दुबळे होतात, मज्जासंस्था हळवी होते आणि थोड्याशा ताणालाही कळ येते. म्हणजे दुखणे मनाचे, असे कुणी म्हणेल, तसे नाही. कळ खरीच असते, फक्त तिची तीव्रता झिजेच्या मापाने ठरत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीला व्यायाम आणि नीट समजावून सांगणे यांची शिफारस केली आणि कमरपट्टा नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये असे सांगितले. (औषधांच्या दुकानांत तो अजून दर्शनी टांगलेला असतो, हा भाग वेगळा.) २०२४च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत बरे झालेल्यांना हळूहळू चालणे वाढवायला लावले, तर दुखणे उलटण्याचा मध्यक काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला.

दिवसभर चिखलात राबणारीला आणखी चाला म्हणून सांगायचे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. राबणे म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात तेच स्नायू त्याच वाकात थकतात आणि मध्ये कंबर सरळ करायची मुभा रोजावरच्या बाईला नसते. तिच्यासाठी सल्ल्याइतकाच कामाचा प्रकार बदलणे महत्त्वाचे. याच जिल्ह्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही आणि लावणीही नाही. गादीवाफ्यावर भात थेट टोकतात. टोकताना वाकावे लागते, पण चिखलातून रोपे उपटून पुन्हा रोवण्याचे काम त्यात उरत नाही. त्याचा प्रचार जमिनीचा कस आणि खर्चातली बचत सांगून होत आला आहे; कंबरेचा हिशेबही त्यात ठळकपणे धरायला हवा.