दाराशी खडे रचणारा उंदीर

किराणा दुकानातील पोत्याला पडलेले भोक, कणगीच्या तळाशी साचलेला कोंडा, माळ्यावरची रात्रीची खुडबुड आणि शेताच्या बांधातले बीळ, या सर्वांचा कर्ता मराठीत एकाच नावाने ओळखला जातो. फार तर घूस तेवढी वेगळी काढतात. चिचुंद्रीलाही त्याच गोतावळ्यात बसवतात. वास्तविक ती उंदीर नव्हेच, किडे खाणाऱ्या वेगळ्या कुळातील ती प्राणी आहे. कायद्याची नजरही दीर्घकाळ अशीच होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची जी पाचवी अनुसूची होती, तीत कावळा आणि फलाहारी वटवाघूळ यांच्या पंक्तीला उंदरांची नोंद सरसकट होती. कोणता उंदीर, याची विचारणा नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. व्यवहारातला सरसकटपणा मात्र गेलेला नाही, आणि त्याची झळ ज्याने कधी धान्याचे गोदाम पाहिलेही नाही अशा एका लहानशा जीवाला बसते.

हा जीव म्हणजे काटेरी उंदीर. मालवणहून सावंतवाडीमार्गे आंबोलीचा घाट चढून गेले की बेळगाव आणि धारवाडचा मुलूख लागतो. इंग्रजी अमदानीच्या आरंभी यालाच ‘दक्षिण महाराष्ट्र’ म्हणत. तेथे वॉल्टर एलियट नावाचा एक मुलकी अधिकारी होता. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या माणसांनी ज्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना ओलीस धरले, त्यांतला हा एक. कैदेतून सुखरूप सुटलेल्या या गृहस्थाने पुढे त्या मुलखातील सस्तन प्राण्यांची सूची तयार केली आणि ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. वाघ-बिबट्यांच्या वर्णनांनी भरलेल्या त्या काळात एलियटने उंदरांसाठी बरीच पाने खर्ची घातली, ही त्याची मोठी थोरवी मानली पाहिजे.

उंदरांची माहिती त्याला दिली ती प्रामुख्याने वडारांनी. दगड फोडणारा, माती खणणारा हा समाज. जमिनीच्या पोटात कोण राहतो हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? काटेरी केसांच्या एका छोट्या उंदराला वडार ‘लेग्याडे’ अशा काहीशा नावाने ओळखत. त्याच शब्दावरून जॉन एडवर्ड ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये ‘लेगाडा’ असे प्रजातीचे नाव घडवले. लंडनच्या संग्रहालयातील ग्रंथांत वडारांच्या बोलीतला शब्द असा जाऊन बसला.

एलियटने या उंदराच्या घराचे जे वर्णन केले आहे ते मोठे मनोवेधक आहे. तांबड्या, खड्याळ जमिनीत, बहुधा एखाद्या उताराच्या अंगाला तो बीळ करतो. बीळ फार खोल नसते. आत शिरल्यावर तो लहान लहान खड्यांनी दार बंद करून घेतो. त्यासाठी लागणारे खडे बाहेर जमवून ठेवलेले असतात आणि त्या राशीवरूनच त्याचे घर ओळखू येते. बिळाच्या शेवटी एक खोली असते आणि तिच्यात गवताकापसाची गादी नसून खड्यांचेच आसन असते. पोटावरच्या दाट केसांमुळे त्याला त्या आसनाचा गारवा किंवा खडबडीतपणा जाणवत नसावा, असा एलियटचा तर्क. रात्री हिंडणारा आणि जोडप्याने राहणारा प्राणी, अशीही नोंद त्याने केली आहे.

या उंदराची शास्त्रीय नोंद त्याही आधीची आहे आणि तिचे मूळही महाराष्ट्रातच आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करणारे कर्नल साइक्स यांनी येथील पशुपक्ष्यांचे नमुने विलायतेस नेले. त्यांतील एका उंदराचे वर्णन एडवर्ड बेनेट यांनी १८३२ मध्ये केले आणि त्याला ‘मुस प्लॅटिथ्रिक्स’, म्हणजे चपट्या केसांचा उंदीर, हे नाव दिले. मूळ ठिकाण म्हणून त्यांनी फक्त ‘दख्खन’ एवढेच लिहिले. त्याचाच एक जवळचा भाऊबंद ‘मुस सॅक्सिकोला’, खडकात राहणारा, याला एलियटने नाव दिले. तिसरा ‘मुस फिलिप्साय’. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची जी मोठी पाहणी १९११ च्या सुमारास हाती घेतली, तिच्यात बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो मिळाला आणि १९१२ मध्ये त्याचे वर्णन झाले.

काटेरी म्हटले की साळिंदर डोळ्यांपुढे येते. तसे काही येथे नाही. मुठीत सहज मावेल असा हा प्राणी. पाठ तपकिरी, पोट पांढरे, शेपटी धडाहून आखूड. पाठीवर मऊ लोकरीतून वर आलेले चपटे, ताठ, टोकदार केस असतात. शेपटीकडून डोक्याकडे उलटा हात फिरवला तर ते खरखरतात, इतकेच. ते कोणाला भोसकत नाहीत आणि अंगावर फेकलेही जात नाहीत. घरातल्या उंदराशी त्याचे रूप जुळते, पण नाते वाटते त्याहून दूरचे आहे. घरातल्या उंदराच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात, याच्या पेशीत २६. दोघांच्या वाटा वेगळ्या होऊन लक्षावधी वर्षे उलटली आहेत.

जगात ‘काटेरी उंदीर’ या नावाने जो अधिक प्रसिद्ध आहे तो मात्र निराळाच. ‘अकोमिस’ नावाचे हे कूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशांत राहते. त्याचे जवळचे नाते आपल्या लेग्याड्याशी नाही. त्याच्या पाठीवर काटे आले ते स्वतंत्रपणे. पण त्याची हकीकत इतकी विलक्षण आहे की ती येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

अकोमिसचे काटे शत्रूला फारसे रोखत नाहीत. शिकारी प्राण्याने त्याला पकडले की तो झुंजत नाही. पकडलेले कातडेच शत्रूच्या तोंडात सोडून पळ काढतो. पालीची शेपटी तुटते हे सर्वांना माहीत आहे, पण सस्तन प्राण्याने आपली पाठ सोडून देणे ही गोष्ट ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. २०१२ मध्ये केनियातील दोन जातींवरचा अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात आला. घरातल्या उंदराच्या मानाने अकोमिसचे कातडे सुमारे वीस पट कमजोर आढळले, आणि पाठीवरचे अर्ध्याहून अधिक कातडे गमावूनही तो जगू शकतो असे दिसले. त्याहून नवल पुढेच आहे. जखम भरते ती व्रण न ठेवता. नव्या कातड्यावर पुन्हा केस येतात, काटे येतात. कानाला पाडलेले ४ मिलिमीटरचे भोकही कूर्चेसह बुजून जाते. मनुष्यासह बहुतेक सस्तन प्राण्यांत जखमेच्या जागी केवळ कठीण वण उरतो. भाजलेल्या रुग्णांना तो आयुष्यभर ओढून धरतो. म्हणूनच या उंदराकडे वैद्यकशास्त्र डोळे लावून आहे. मात्र शेपटी एकदा गेली की ती परत येत नाही. २०२३ मध्ये तर त्या शेपटीच्या कातडीखाली हाडांच्या बारीक चकत्यांचे चिलखत असल्याचे फ्लोरिडातील संग्रहालयात नमुन्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांतून उघडकीस आले.

त्याची प्रजननाची रीतही उंदरांच्या रीतीला सोडून आहे. घरातली उंदरीण सुमारे २० दिवसांत डोळे मिटलेली, केस नसलेली पिल्ले ढिगाने टाकते. अकोमिसची मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट दिवस गर्भ वाहते आणि दोन-तीनच पिल्ले देते. ती अंगावर केस घेऊन येतात, लवकरच डोळे उघडून चालू लागतात. प्रसूतीच्या वेळी कळपातील दुसऱ्या माद्या जवळ येऊन नवजात पिल्लांना चाटून स्वच्छ करतात. सुइणीचेच काम म्हणायचे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की कैरोच्या काटेरी उंदरिणीला मासिक पाळीसारखा रक्तस्राव होतो, सुमारे नऊ दिवसांच्या आवर्तनाने. कृंतक प्राण्यांमध्ये अशी ही पहिलीच नोंद.

या ज्ञानाची एक बाजू वाचकाच्या मनात सलल्यावाचून राहणार नाही. कानाचे भोक बुजते हे कळले ते भोक पाडल्यावर. जखम भरते हे दिसले ते जखम केल्यावर. त्यातून उद्या एखाद्या भाजलेल्या मुलाचा हात सरळ होईलही. तरी हा हिशेब एका रकान्यात बसणारा नाही.

आता पुन्हा सिंधुदुर्ग. एलियटने वर्णिलेली तांबडी खड्याळ जमीन मालवण, देवगडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. येथे सडा म्हणतात तो जांभ्याचा विस्तीर्ण माळ. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापलेला, उजाड; पावसाळ्यात त्याच कातळावर गेंदाची आणि सीतेच्या आसवांची फुले पसरतात. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर पुरातन माणसाने कातळात चित्रे कोरली आहेत. कोकणातील अशा इतर ठिकाणांसह ती २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. चित्रांकडे लोकांचे लक्ष गेले, हे उत्तमच झाले. पण सरकारी भाषेत अजूनही सड्याला पडीक जमीन म्हणतात. पडीक म्हणजे कोणाचीच नाही असे धरून तेथे चिऱ्याच्या खाणी निघतात आणि सुरुंग लावून हापूसचे खड्डे पाडतात. चिरा आणि आंबा हे दोन्ही येथल्या माणसाचे पोट आहे. त्यांचा राग धरण्यात अर्थ नाही. काटेरी उंदरांचा पसारा द्वीपकल्पाच्या मोठ्या भागावर असल्याने ही जात आज संकटग्रस्तांच्या यादीतही नाही. तरीही कातळाच्या फटी, खडी आणि गवताचे बी यांवर संसार करणाऱ्या जीवांना दुसरीकडे जागा नसते.

व्यापारी कुटुंबाचा संबंध येतो तो मात्र गोदामातून. तांदूळ, काजूबी, सुके खोबरे यांचा साठा ज्याच्या घरी आहे त्याला उंदरांविषयी कोमल भाषण करणे परवडत नाही. नुकसान तर होतेच. शिवाय उंदीर-घुशींच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोची कोकणच्या पावसाळ्यात किती भीती असते ते खेड्यापाड्यांत विचारावे. श्रावकाचाराने हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने पहिलीचा त्याग करावा, उरलेल्या तीन शक्य तितक्या कमी कराव्यात, अशी ती व्यवस्था. पण मारण्याच्याच हेतूने ठेवलेली विषाची वडी ‘उद्योगी’ या नावाखाली कशी बसवायची? आणि ते विष गोदामात थांबतही नाही. रक्त पातळ करणारी औषधे उंदराला लगेच मारत नाहीत, काही दिवस घेतात. तेवढ्यात तो बाहेर पडतो आणि त्याला खाणाऱ्या घुबडाच्या पोटातही ते उतरते. कुंपणाबाहेर टाकलेले विषारी दाणे तर दारावर कोणाचे नाव आहे हे पाहत नाहीत. चिकट पाट्यांविषयी न बोललेले बरे. त्यांत अडकलेला पंचेंद्रिय जीव तासन्‌तास तडफडतो. दयाळू म्हणवणाऱ्या घरात ती वस्तू असू नये.

म्हणून बहुतेक घरांत पिंजरा असतो. रात्री सापडलेला उंदीर सकाळी गावाबाहेर नेऊन माळावर सोडतात आणि मन शांत होते. हेतू निर्मळ आहे, यात शंका नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या छपराखाली वाढलेल्या उंदराला उघड्या कातळावर ना बीळ ठाऊक ना अन्न. तो घार, मुंगूस, धामण यांच्या पुढ्यात पडतो किंवा जवळच्या वाडीत शिरतो. आणि तगलाच, तर जेथे लेग्याड्यासारख्या रानउंदरांचा संसार आहे तेथे गावातले रोग आणि गावातली भूक घेऊन राहतो. सोडणाऱ्याच्या दृष्टीने माळ रिकामा होता.

खरे काम दाराशीच आहे, आणि ते कंटाळवाणे आहे. लहान उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. म्हणजे पेन्सिल आत गेली तर उंदीरही गेला. दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळी, चिऱ्यांच्या भिंतीत चुना गळून पडलेल्या सांध्यांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी डागडुजी, कौलारू छपराच्या वळचणीला बारीक तार. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून, की मागे झाडू फिरेल आणि नजरही. सांडलेले दाणे रात्री दुकान बंद करण्यापूर्वीच गोळा करणे. अन्न मिळाले नाही की उंदरांची वीणच कमी होते. मग मारायला किंवा सोडायला फारसे कोणी उरत नाही. खर्च एकदाच येतो आणि तो विषाच्या वर्षानुवर्षांच्या खर्चाहून कमीच भरतो, हे जमाखर्च लिहिणाऱ्या कोणालाही दिसेल.

सड्यावर ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना आणखी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. बाग किंवा कुंपण घालण्याआधी सकाळच्या तिरप्या उन्हात उताराच्या कडेने एकदा चालून यावे. इतर खडीपेक्षा निवडल्यासारखे, बरेचसे एकाच आकाराचे खडे एखाद्या जागी साचलेले दिसले, तर तो कडेचा पट्टा तसाच सोडता येतो. आंब्याचे एखादे कलम कमी लागेल, एवढेच. वडारांच्या हातात पहार असे आणि डोळे जमिनीपासून दोन-तीन हातांवर, म्हणून त्यांना ही रास दिसली आणि तिच्या धन्याचे नावही ठाऊक झाले. खोदाई यंत्राच्या उंच आसनावरून ती दिसत नाही. त्या यंत्रापुढे कोणी तरी पायी चालावे लागते.