मागच्या चाकाचा निरोप का तुटतो ?

गळीत हंगाम सुरू झाला, की लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. मांजरेकाठचा ऊस विलासनगरच्या मांजरा कारखान्याकडे, तर अर्धापूर परिसरातील ऊस भाऊराव चव्हाण कारखान्याकडे चालू लागतो. बैलांच्या टायरगाड्या, ट्रक आणि एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या असा हा ताफा दिवसरात्र वाहत असतो. औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा या गावांवरून नांदेडला आणि तेथून अर्धापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ वरही तो दिसतो. याच महामार्गावर वेगाने धावणाऱ्या मोटारी आणि बसगाड्याही असतात.

या ताफ्यातील ट्रॅक्टरचालकाची एक अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ट्रॅक्टरच्या पुढील चाकातील हवा कमी झाली, तर ती त्याला स्टिअरिंगवर जाणवते. मोठ्या चाकातील हवा उतरली, तर त्याची बैठकच कलते. परंतु दुसऱ्या ट्रॉलीच्या डाव्या बाजूचे मागचे चाक बसत चालले असेल, तर त्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोचण्यास काहीच मार्ग नसतो. इंजिनाचा आवाज मोठा आणि मागे उसाच्या मोळ्यांची भिंत उभी. हिसका जाणवेपर्यंत टायर रिमवरून निसटलेला असतो आणि वाहन जेथे असेल तेथेच, पुष्कळदा अर्धा रस्ता अडवून, थांबते. रात्रीची वेळ असेल आणि ट्रॉलीचा मागचा दिवा बंद असेल, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ही काळी भिंत अगदी जवळ आल्यावरच दिसते. टायरमधील हवेचा प्रश्न हा म्हणूनच केवळ टायरच्या किमतीचा प्रश्न नव्हे.

भार पेलते ती हवा

ट्रॉलीचा भार टायरचे रबर पेलते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः भार पेलते ती आत कोंडलेली हवा. रबर आणि त्यातील धाग्यांचे थर त्या हवेला धरून ठेवण्याचे काम करतात. हवा कमी झाली, की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते आणि पुन्हा सुटते. या सततच्या दबण्या-सुटण्याने उष्णता निर्माण होते, थरांची पकड सैल होते आणि अखेर टायर फुटतो. फुटण्याचे निमित्त खड्डा किंवा दगड असेल. पण त्यामागचे खरे कारण बहुधा आधीच्या कित्येक किलोमीटरांत साचलेले असते.

हवा मोजण्याचे आपल्याकडील परिमाण ‘पौंड’ हे आहे. एका चौरस इंचावर जितका पौंड दाब, तितके पौंड हवा. कोणत्या टायरमध्ये जास्तीत जास्त किती भाराला किती हवा भरावी, हे टायरच्या बाजूवर कोरलेले असते आणि प्रत्येक जातीच्या टायरचे प्रमाण निराळे असते. शेजाऱ्याच्या ट्रॉलीत भरली तेवढीच आपल्याही ट्रॉलीत, हा हिशेब येथे उपयोगी पडत नाही. पान्याने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याची जुनी पद्धतही फसवी आहे. पूर्ण बसलेला टायर तिने कळतो. पाव हिश्श्याने उतरलेला टायर मात्र भरलेल्या टायरसारखाच वाजतो. ट्रकच्या जोडचाकांत तर आतल्या टायरची हवा गेली, तरी बाहेरचा टायर दुप्पट भार घेऊन उभा राहतो आणि वरून पाहणाऱ्याला काहीच उमगत नाही.

हवा मोजावी ती टायर थंड असताना, म्हणजे वाहन निघण्यापूर्वी. यामागे साधा हिशेब आहे. डिसेंबरातील पहाटे १५ अंश तापमान असताना टायरमध्ये ८० पौंड हवा भरली आणि भरलेली ट्रॉली ओढून आतील हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर तोच टायर सुमारे ९१ पौंड दाखवील. हवा वाढली असे समजून काहीजण ती वाटेत सोडून देतात. टायर निवल्यावर मग तो तेवढ्याच प्रमाणात कमी भरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीला बसकाच निघतो. हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे तो आणखी एका कामी येणार आहे.

चाकातून येणारा संदेश

चालत्या वाहनातील टायरची हवा चालकाला बसल्या जागी सांगणारे यंत्र आता उपलब्ध आहे. ‘टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम’, संक्षेपाने ‘टीपीएमएस’, या नावाने ते ओळखले जाते. १९८६ साली एका जर्मन कंपनीच्या महागड्या मोटारीत ते प्रथम आले. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर अमेरिकेने २००० साली कायदा केला आणि २००७ पासून तेथील नव्या मोटारींना हे यंत्र सक्तीचे झाले. युरोपात २०१४ पासून नव्या मोटारींना आणि जुलै २०२४ पासून नव्या जड वाहनांना व जड ट्रेलरांनाही ते आवश्यक ठरले. भारतात २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, लहान मोटारीत असे यंत्र, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास जादा चाक बाळगण्याची अट शिथिल करण्यात आली. शेतीच्या ट्रॉलीला मात्र हे यंत्र सक्तीचे नाही. ज्यांनी ते बसविले, त्यांनी ते स्वखुशीने बसविलेले आहे.

यंत्राचे भाग दोन. पहिला भाग म्हणजे सेन्सर. ट्यूबलेस टायरमध्ये तो रिमवर आतून बसतो. ट्यूबच्या टायरला मात्र व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपणासारखा फिरवून लावतात. ट्रॉल्यांना बहुधा हा टोपणाचाच प्रकार सोयीचा पडतो. सेन्सरमध्ये एक लहान बॅटरी असते. तो हवा मोजतो आणि ठराविक वेळाने अत्यंत क्षीण अशा रेडिओलहरींवरून तो आकडा, स्वतःच्या ओळख-क्रमांकासह, पुढे पाठवितो. दुसरा भाग चालकासमोरचा पडदा. ओळखीच्या क्रमांकांकडून आलेले आकडे तेवढे तो दाखवितो आणि हवा उतरताच शिटी वाजवितो.

मोटारीच्या बाबतीत हे सारे सुरळीत चालते, कारण चाक आणि पडदा यांत दोन-तीन मीटरांचेच अंतर असते. मागे ट्रॉली जोडली, की मात्र अडचणींना आरंभ होतो. दुसऱ्या ट्रॉलीचे शेवटचे चाक चालकापासून कितीतरी दूर असते. मध्ये पोलादी तळ आणि लोखंडी दांड्या असतात, आणि वर ओला ऊस. धातू रेडिओलहरींना अडवितो आणि उसातील पाणी त्यांना शोषून घेते. रिकाम्या ट्रॉलीचा संदेश स्वच्छ मिळतो आणि ट्रॉली भरून निघाल्यावर तो तुटतो, असा अनुभव आला तर यंत्र बिघडले असे मानण्याचे कारण नाही.

दोष कोठे शोधावा ?

संदेश तुटला, की पुष्कळजण प्रथम बॅटऱ्या बदलतात. वास्तविक आधी पडदा नीट वाचावा. एकाच चाकाचा आकडा गेला असेल, तर दोष त्या चाकाशी आहे. एका ट्रॉलीची सर्व चाके एकदम गेली असतील, तर सगळ्या बॅटऱ्या एकाच क्षणी संपणे असंभवनीय होय. दोष अंतराचा, अडथळ्याचा किंवा मधल्या उपकरणाचा आहे. ट्रॅक्टरच्या चाकांसह सर्वच आकडे गेले असतील, तर पडद्याकडे, त्याच्या अँटेनाकडे आणि त्याला मिळणाऱ्या विजेकडे पाहावे. मोबाईल चार्ज करण्याचे स्वस्त उपकरण, नंतर बसविलेले एलईडी दिवे किंवा ट्रॅक्टरवरील मोठे संगीत-यंत्र यांच्यातून निघणारा विद्युत-गोंगाटही क्षीण संदेशाला बुडवून टाकतो. ही उपकरणे एकेक करून बंद केली, की दोषी कोण ते कळते. (संगीत-यंत्र बंद करण्यास चालक सर्वांत शेवटी तयार होतो, हे वेगळे सांगावयास नको.)

एकाच चाकाचा प्रश्न असेल, तर त्या चाकाचा सेन्सर शेजारच्या चाकावर लावून पाहावा. दोष त्याच्याबरोबर गेला तर सेन्सर किंवा त्याची बॅटरी कामातून गेली. दोष जुन्याच चाकावर राहिला तर व्हॉल्व्ह पाहावा. पडदा सुटा असल्यास तो हातात घेऊन थेट त्या चाकापाशी जाणे ही दुसरी साधी परीक्षा. जवळ नेल्यावर आकडा उमटला, तर सेन्सर जिवंत आहे आणि अडचण अंतराची आहे. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बॅटरी वाचविण्यासाठी उभ्या वाहनातील सेन्सर झोपी जातात. काही सेन्सर चाक पुरेशा वेगाने फिरू लागल्यावरच जागे होतात. मोटारीसाठी बनविलेला असा सेन्सर भरल्या ट्रॉलीच्या संथ चालीत जागाच होत नाही आणि मालक मात्र त्याला सदोष ठरवितो. दाब एकाएकी बदलला तरी पुष्कळ सेन्सर तत्काळ संदेश देतात. म्हणून क्षणभर थोडी हवा सोडून, मग ती पुन्हा भरून, ही परीक्षा जागेवरही घेता येते. खरेदी करतानाच सेन्सर संथ वाहनासाठी आहे काय आणि ट्रॉलीच्या टायरइतका दाब तो मोजू शकतो काय, हे विचारून घेणे श्रेयस्कर.

अंतरावरचा उपाय ‘रिपीटर’ हा आहे. ट्रॉलीच्या पुढील भागावर बसविलेले हे उपकरण मागचा क्षीण संदेश ऐकते आणि जोर देऊन पुढे पाठविते. त्याला वीज लागते आणि ती सामान्यतः मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या तारेतूनच घेतली जाते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांमधील ही तार वळणावर ताणली जाते, शेतातून निघताना अडकून तुटते, तिच्या जोडणीत चिखल जातो. तार तुटली, की रिपीटर मुका होतो आणि त्याच क्षणी मागचा दिवाही विझतो. तेव्हा संपूर्ण ट्रॉलीचा संदेश अकस्मात गेल्यास चालकाने खाली उतरून प्रथम मागचा लाल दिवा पाहावा. हवेपेक्षाही तातडीची बातमी त्यातून मिळण्याचा संभव असतो.

अदलाबदलीचा घोटाळा

ऊसवाहतुकीत आणखी एक घोटाळा होतो, आणि तो अधिक घातक आहे. तोडणी टोळी फडात मोळ्या भरीत असताना ट्रॅक्टर थांबून राहत नाही. रिकामी ट्रॉली फडात सोडून तो भरलेली दुसरी ट्रॉली घेऊन निघतो. पडद्याला मात्र ओळख असते ती फडात राहिलेल्या ट्रॉलीच्या चाकांची. काही अंतर जाताच ‘संदेश तुटला’ म्हणून तो शिटी वाजवू लागतो, चालक कंटाळून तो बंद करतो आणि प्रत्यक्षात मागे जोडलेल्या ट्रॉलीवर कोणाचीच नजर राहत नाही. ट्रॉल्यांचे निरनिराळे संच नोंदवून, जोडलेला संच निवडण्याची सोय काही यंत्रांत असते. ज्यांच्या ट्रॉल्या बदलत राहतात, त्यांनी अशीच यंत्रे घ्यावीत आणि ट्रॉलीवर रंगाने मोठा क्रमांक घालून तोच क्रमांक पडद्यावरील संचाला द्यावा. टायर बदलले किंवा पुढचे मागे केले, तरी नोंद दुरुस्त करावी लागते. अन्यथा शिटी एका चाकाची वाजते आणि तपासले जाते भलतेच चाक.

संदेश तुटल्यावर काही यंत्रांचा पडदा कोरा होत नाही. शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो. चालक तो पाहून निश्चिंत असतो. हा आकडा जिवंत आहे की शिळा, हे ओळखण्यास पहाटेचा तो हिशेब उपयोगी पडतो. चालत्या चाकातील हवा तापते, म्हणून खरा आकडा हळूहळू चढलाच पाहिजे. सर्व चाके दहा पौंडांनी चढली आणि एकच चाक पहाटेच्या आकड्यावर अडून बसले, तर ते चाक एक तर हवा सोडीत आहे किंवा बोलेनासे झाले आहे. दोन्ही परिस्थितींत रस्त्याच्या पूर्ण बाहेर सुरक्षित जागी थांबावे, मागे लाल त्रिकोण ठेवावा आणि साध्या मीटरने हवा मोजावी.

ज्यांच्याकडे हे यंत्र नाही, आणि बहुतेकांकडे ते नाही, त्यांना हेच साधे मीटर पुरेसे आहे. निघताना ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाची हवा मोजून वहीत लिहावी. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली असताना एकदा हात लावून चाके पाहावीत. इतरांपेक्षा अधिक तापलेले चाक कमी हवेचे असण्याचा किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये दोष असण्याचा संभव असतो. ज्यांनी टोपणाचे सेन्सर लावले आहेत, त्यांनाही मीटर सोडून चालत नाही. हे टोपण व्हॉल्व्हची पिन दाबून धरते. त्याचा वॉशर झिजला तर हवा तेथूनच झिरपते. साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे दिसतात.

हंगाम आटोपल्यावर ट्रॉली महिनोन्महिने शेताच्या बांधावर उन्हापावसात उभी राहते. टोपणाचे सेन्सर त्यापूर्वी काढून, व्हॉल्व्हवर साधी टोपणे बसवावीत. प्रत्येक सेन्सरवर चाकाचा क्रमांक लिहून, बॅटरी काढून ते कोरड्या डब्यात ठेवावेत. नव्या हंगामात नवीन बॅटऱ्या घातल्यावर पहिली चाचणी रिकाम्या ट्रॉलीवर आणि दुसरी भरलेल्या ट्रॉलीवर, दिवसाउजेडी गावाजवळच्या रस्त्यावर घ्यावी.