अकाली श्वास आणि वाढते वय

पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाच्या नवजात विभागातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, जन्मतः २००० ग्रॅमांहून कमी वजनाच्या अर्भकांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत घेतला. या पाठपुराव्याचे दप्तर इतक्या चिकाटीने राखले गेले, याचे मोल मला फार वाटते. अकाली जन्मलेल्या अर्भकाच्या अपक्व फुप्फुसांत वायुकोश उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट अपुरे असल्याने प्राणवायूचा पुरवठा डळमळतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत मेंदूची जडणघडण वेगाने चाललेली असते. म्हणून अशा मुलाला पुढे शाळेत मागे पडल्यास आळशी ठरविणे घोर अन्याय होय. पुण्याच्या पाहणीतही बाराव्या वर्षी या कमी वजनाच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सामान्य मर्यादेतच, तरी पुरेशा वजनाने जन्मलेल्यांहून कमी भरला; अकाली जन्मून गर्भातही वाढ खुंटलेल्यांचा सर्वांत कमी, आणि दृष्टी व हात यांचा मेळ तसेच गणित यांतही उणीव आढळली.