मतदान : दान नव्हे, अधिकार

‘मतदान’ या शब्दातील ‘दान’ हे पद काहीसे दिशाभूल करणारे आहे. दान दिले की दात्याचा त्या वस्तूवरील हक्क संपतो. मताचे तसे नाही. ते स्वीकारणाऱ्यावर जबाबदारी येते आणि देणाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो.

ठाणे जिल्ह्यातील मोहने परिसरास याचा अनुभव आहे. उल्हास नदीकाठची ही वस्ती नॅशनल रेयॉनच्या कारखान्याभोवती वाढली. पुढे २००९ मध्ये कारखाना बंद पडला, वस्ती राहिली. मोहने ज्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडते, ती १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली. तिची पहिली निवडणूक मात्र १९९५ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासक कार्यक्षम असू शकतो, क्वचित लोकप्रतिनिधीहूनही अधिक. परंतु तो उत्तरदायी असतो तो शासनास. नळ कोरडा राहिला असता ज्याच्या दारी हक्काने जावे आणि काम न झाल्यास पुढील निवडणुकीत ज्यास नाकारता यावे, असा कोणी त्या काळात नव्हता. नागरिक कर भरत होते; तो कोठे खर्च व्हावा हे ठरविणारे मात्र त्यांनी निवडलेले नव्हते.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांची मुदत पाच वर्षे ठरविली व ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. तरीही नोव्हेंबर २०२० मध्ये या महापालिकेची मुदत संपल्यावर निवडणूक पाच वर्षांहून अधिक लांबली. २०२० मध्ये अठरा वर्षे पूर्ण केलेल्या तरुणास नगरसेवक निवडण्याची पहिली संधी मिळेपर्यंत तो तेवीस वर्षांचा झाला होता. कायद्याने दिलेला हक्क आपोआप हाती येत नाही, तो असा.

जे मतदाराच्या हाती आहे, त्याकडे तरी दुर्लक्ष होऊ नये. स्थानिक निवडणुकीसाठी स्वतंत्र मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेच्या यादीचीच प्रभागनिहाय विभागणी केली जाते. म्हणून नव्या मतदाराने नमुना ६ व घर बदललेल्याने नमुना ८ निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता भरावा. चाळी सोडून अन्यत्र गेलेल्या कामगार कुटुंबांच्या बाबतीत शिक्षक व नगरसेवक येथे पुष्कळ साह्य करू शकतात. हाती ओळखपत्र असले तरी यादीत नाव नसल्यास मत देता येत नाही, ही गोष्ट अनेकांना मतदान केंद्रावर गेल्यावरच कळते.